मैफल उठल्यानंतर

संगीताचा इतिहास सांगताना आपण घराण्यांची वंशावळ मांडतो. मैफल उठल्यावर सतरंज्या कोणी झटकल्या, हे कोणी लिहून ठेवीत नाही. आज मला त्या झटकणाऱ्यांच्या बाजूने थोडे बोलावयाचे आहे.

१९६९ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यासगर या गवळ्याच्या कुरणावर ‘वुडस्टॉक’चा उत्सव भरला. चार लाखांहून अधिक माणसे लोटली. रस्ते मोटारींनी इतके तुंबले की कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. त्या गाण्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. मागे उरलेला चिखल आणि कचरा मात्र गमतीदाखलच आठवला जातो.

पुढल्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९७० रोजी, इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने आपल्या वर्दी फार्मवर असाच उत्सव मांडला. तोच पुढे ग्लास्टनबरी म्हणून गाजला. तिकीट एक पौंड, आणि शेतावरचे दूध फुकट! तेव्हा सुमारे दीड हजार माणसे आली. पुढे आकडा दोन लाखांवर गेला. गुरे पुन्हा त्याच गवतावर चरावयाची, तेव्हा घाणीकडे काणाडोळा करणे या यजमानाला परवडणारे नव्हते. २०१९ साली तेथे एकदाच वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची विक्री बंद झाली. पण त्याच वर्षी बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळच्या व्हाइटलेक नदीचे पाणी तपासले, तो त्यात मादक द्रव्यांचे अंश! लोक आडोशाला लघवीस जात, ती मातीतून नदीत उतरे. कोकेनचे प्रमाण तर तेथील दुर्मिळ वाम माशांना अपाय व्हावा इतके होते. बाटली वेचता येते. हे कोणी वेचावे?

धुराचेही तसेच. कोल्डप्ले या वाद्यवृंदाने २०१९ मध्ये दौरा थांबविला आणि २०२२ पासून नव्या पद्धतीने काढला. २०१६-१७ च्या तुलनेने प्रत्येक प्रयोगामागे कार्बन ५९ टक्क्यांनी घटला, असे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. प्रयत्न प्रामाणिक वाटतो. पण हा हिशेब रंगमंचाचा, सामानाचा आणि ताफ्याच्या प्रवासाचा. श्रोत्यांचा प्रवास त्यात नाही, आणि मोठ्या उत्सवांत सर्वांत मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. जानेवारी २०२५ मध्ये हीच मंडळी नवी मुंबईत व अहमदाबादेत गायली, तेव्हा श्रोत्यांसाठी खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. आमच्या जुन्या नाटक मंडळ्या एकेका गावी आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकीत. त्यांना निसर्गाची चिंता होती असे नव्हे, सामान हलविणे महाग पडे इतकेच. पण गाणे गावापाशी येई, गाव गाण्यामागे धावत नसे.

ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या मंडळींनी नेमके हेच हेरले. टिंडॉल केंद्राच्या शास्त्रज्ञांकडून २०२१ साली त्यांनी अहवाल मिळविला आणि २५ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच गावच्या माळावर जलसा केला. चौतीस हजार श्रोते आले. डिझेलच्या जनित्रांऐवजी विजेऱ्यांवर सारा कारभार चालला, तिकिटे आधी आसपासच्या वस्तीला दिली गेली, रात्री परतण्यासाठी जादा गाड्या ठेविल्या. आणि मोटारी उभ्या करावयास जागाच ठेविली नाही.