युद्धनिधीची कीर्द

युद्धाचा इतिहास लिहिणारे सेनापतींची नावे लिहितात, लढायांच्या तिथ्या लिहितात आणि तहाची कलमे लिहितात. परंतु रणांगणापासून शेकडो कोस दूर, एखाद्या तालुक्याच्या गावी, ओटीवर सतरंजी अंथरून पावतीपुस्तक पुढे घेऊन बसलेल्या मनुष्याची नोंद त्यांच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. जखमी शिपायाच्या अंगावरील पट्टी, त्याच्या तोंडात घातलेली क्विनाइनची गोळी, त्याच्याखाली अंथरलेले कांबळे यांपैकी कितीतरी वस्तू सरकारी कोठारांतून नव्हे, तर अशा माणसांनी जमविलेल्या वर्गणीतून गेल्या आहेत. पेण व रोहे या तालुक्यांत ज्यांची मूळ घरे आहेत, अशा आपल्या सभासद कुटुंबांना वकिली, शिक्षकी व कारकुनी या पेशांचा जुना परिचय आहे. म्हणून या उपेक्षित विषयाचा थोडा विचार या स्मरणिकेत करावा, असे आम्हांस वाटले.

या कथेचा आरंभ आपल्या देशाबाहेर करावा लागतो. सन १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्याचे जखमी स्कुटारी येथील इस्पितळात अक्षरशः सडत पडले होते. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने वाचकांकडून निधी जमविला आणि मॅक्डोनल्ड नावाच्या गृहस्थांस तो घेऊन तिकडे पाठविले. तेथील अधिकाऱ्यांनी त्यांस सांगितले की, येथे कशाचीही उणीव नाही. इंग्रज वकिलाने तर या पैशातून कॉन्स्टँटिनोपल येथे एक प्रार्थनामंदिर बांधावे अशी सूचना केली! मॅक्डोनल्ड यांनी ती मानली नाही. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना विचारले, काय हवे ते जाणून घेतले आणि बाजारातून सदरे, भांडी व इतर आवश्यक वस्तू विकत घेऊन दिल्या. युद्धनिधीच्या कारभाराचा पहिला धडा हाच होय. पैसा जमविणे हे अर्धे काम. ज्यासाठी तो मागितला त्याच कामी, वेळेवर आणि चौकशीअंती तो पोचविणे हे उरलेले अर्धे, आणि बहुधा अधिक कठीण काम असते.

हा धडा साठ वर्षांनी पुन्हा शिकावा लागला, आणि त्याची किंमत या वेळी महाराष्ट्राने मोजली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेवर सहावी पुणे डिव्हिजन गेली. तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे घनघोर लढाई झाली. जखमींची संख्या अपेक्षेहून पुष्कळ अधिक होती. त्यांना नेण्यासाठी गाड्या नव्हत्या, होड्या पुरेशा नव्हत्या, पट्ट्या व औषधे तर त्याहून अपुरी होती. टायग्रिस नदीवरून बसऱ्यास आलेल्या बोटींवर माणसे कित्येक दिवस मलमूत्रात पडून राहिलेली आढळली. मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने हे डोळ्यांनी पाहून लिहून काढले, तेव्हा त्याच्या वरिष्ठांनी त्यालाच दटावले. वरच्या कचेऱ्यांना मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक आहे अशा मजकुराच्या तारा गेल्या होत्या. पुढे चौकशी मंडळ बसले, जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. दरम्यान २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे या डिव्हिजनने शरणागती पत्करली होती. कोकणातल्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत’ अशा अर्थाच्या दगडी पाट्या आजही दिसतात. त्या पाट्यांवरील प्रत्येक आकड्यामागे शत्रूची गोळीच होती असे समजण्याचे कारण नाही. काहींच्या मागे न पोचलेली औषधाची पेटीही होती.

त्या वेळी देशात दानाची वाण होती काय? मुळीच नव्हती. हिंदी संस्थानिकांच्या पैशाने ‘लॉयल्टी’ नावाचे इस्पितळ-जहाज चालविले जात होते आणि त्यात ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचा पुढाकार होता. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी इमारत संग्रहालय म्हणून उघडण्यापूर्वीच जखमी शिपायांचे इस्पितळ बनली. इलाख्याच्या युद्धनिधीस जोडून स्त्रियांची शाखा होती. सन १९१६ मध्ये युद्धातील जखमींसाठी काम करणाऱ्या संयुक्त समितीची हिंदी शाखा निघाली आणि १९१७ साली ‘अवर डे’ या नावाने देशभर वर्गणी गोळा करण्यात आली. म्हणजे पैसा होता, माया होती. नव्हती ती व्यवस्था, आणि खरे ते कळविण्याची मोकळीक.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर त्या काळी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या (आणि १९८१ पासून रायगड म्हणविल्या जाणाऱ्या) या मुलुखातील पेण-रोह्यापर्यंत आगगाडी पोचलेली नव्हती. पेणचा मुंबईशी संबंध धरमतरच्या बंदराने, रोह्याचा कुंडलिकेच्या खाडीने व रेवदंड्याने. जिल्ह्याचे मुख्य ठाणे अलिबाग, आणि तालुक्यात मामलेदार कचेरी. असल्या निधीच्या कामावर सरकारी अंमलदारांची छाया असे, आणि म्हणूनच एक अडचण उत्पन्न होई. मामलेदारांच्या समोर दिलेला रुपया स्वखुशीचा की भिडेचा, हे कोणी सांगावे? देश परतंत्र होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा विषय काढू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबविले, आणि लोकमान्य सभा सोडून गेले. ज्या सरकारच्या युद्धासाठी वर्गणी द्यावयाची, त्या सरकारला आपले बोलणे ऐकून घ्यावयाचे नाही, ही बोच सुशिक्षित माणसाच्या मनात असणे स्वाभाविक होते. तथापि बसऱ्याच्या बोटीवर कण्हत पडलेला शिपाई याच मुलुखातला होता. साम्राज्याला द्यावयाचे की नाही हा एक प्रश्न, आणि जखमेला पट्टी द्यावयाची की नाही हा दुसरा. आमच्या मते हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्यात त्या पिढीच्या विचारी माणसांची खरी कसोटी होती.

युद्ध संपले, पण निधी शिल्लक राहिला. येथेच कारभाराची दुसरी परीक्षा असते. कारण शिल्लक पैशाला वारसदार फार लवकर भेटतात. सन १९२० च्या पंधराव्या कायद्याने ‘इंडियन रेड क्रॉस सोसायटी’ स्थापन झाली व संयुक्त समितीच्या हिंदी शाखेचा पैसा तिच्या स्वाधीन करण्यात आला. त्या कायद्यातील एक तरतूद आमच्या वाचकांस विशेष आवडेल. युद्धामुळे आजारी वा जखमी झालेल्यांच्या कामी मुद्दलास हात लावण्याची मुभा होती. परंतु शांततेच्या काळातील कामांसाठी, म्हणजे क्षयरोग्यांची शुश्रूषा, बालसंगोपन इत्यादींसाठी, केवळ उत्पन्न खर्च करावयाचे होते. आपल्या घरांतून वडीलधारी माणसे ठेवीविषयी जो नियम सांगत आली, तोच येथे कायद्याच्या भाषेत उतरला आहे. दात्याने ज्या हेतूने दिले, तो हेतू मुद्दलाबरोबर बांधलेला असतो.

यानंतरचा प्रसंग महाराष्ट्राच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली देशाला आवाहन केले आणि ‘चीन दिन’ पाळून वर्गणी जमविण्यात आली. जमलेली रक्कम बावीस हजार रुपयांच्या आसपास होती. या वेळी मामलेदार नव्हता, कलेक्टर नव्हता, खिताबाची आशा नव्हती. उलट सरकारची मर्जी जाण्याचा संभव होता. एवढ्या पैशात एक रुग्णवाहिका, औषधे व उपकरणे यांची तजवीज झाली आणि पाच डॉक्टर रवाना झाले. अटल, मुकर्जी, बसू, नागपूरचे चोळकर व सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हे ते पाच. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदर सोडलेले कोटणीस परत आले नाहीत. रात्रंदिवस शस्त्रक्रिया करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. बावीस हजारांचे काय झाले, असे कोणी विचारले तर कोटणीसांचे नाव सांगावे. याहून स्वच्छ जमाखर्च आम्हांस तरी माहीत नाही.

नियतीचा खेळ असा की, चोवीस वर्षांनी त्याच चीनच्या सैन्याने आपल्या सीमेवर हल्ला केला. २० ऑक्टोबर १९६२ नंतरच्या त्या दिवसांत राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. यशवंतराव चव्हाण दिल्लीस जाऊन संरक्षणमंत्री झाले, आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ज्यांच्यासाठी १९३८ साली झोळी फिरविली त्यांच्याचविरुद्ध १९६२ साली झोळी फिरवावी लागली, म्हणून पहिले दान व्यर्थ गेले असे आम्ही मानीत नाही. तेव्हाही जखमी माणसाला दिले, आताही जखमी माणसालाच दिले. हा निधी आजही आहे. पंतप्रधान त्याच्या समितीचे अध्यक्ष असतात, सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्या कल्याणासाठी तो वापरला जातो आणि त्याचे खाते रिझर्व्ह बँकेत असते. त्या बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी असलेले नाते आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. त्यांनी ते पद १९४३ ते १९४९ या काळात भूषविले. निधी पुष्कळ पुढचा. पण सार्वजनिक पैशाकडे ठेव म्हणून पाहण्याची जी शिस्त असल्या बँकेत लागते, तिच्याशी रोह्याचे नाव जोडलेले आहे, याचे समाधान कोणास वाटणार नाही?

या साऱ्या इतिहासातून स्वयंसेवकाने काय घ्यावे? आमच्या मते तीन गोष्टी. पैसा मागण्यापूर्वी, काय कमी आहे ते जागेवरील माणसाला विचारावे; कचेरीतील तारेवर विसंबू नये. घेतलेल्या प्रत्येक आण्याची पावती द्यावी, मग तो आणा मिठागरावर राबणाऱ्याचा असो की जमीनदाराचा, आणि स्थळप्रत जपून ठेवावी. आणि काम संपल्यावर शिल्लक किती, ती कोणाकडे, हे चारचौघांत वाचून दाखवावे. यात पराक्रम काही नाही, त्यामुळे याचे पोवाडे होत नाहीत. परंतु शेवटच्या पानावर तेरीज न जुळलेली कीर्द पुढच्या दहा निधींचे नुकसान करते, कारण एकदा फसलेला दाता दुसऱ्यांदा हात पुढे करीत नाही आणि त्याचे प्रायश्चित्त रणांगणावर पडलेल्या कोण्या निरपराध शिपायाला भोगावे लागते.

शेवटी सभासद कुटुंबांना एक विनंती. पेण व रोहे येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर, आजोबा-पणजोबांच्या पेट्यांत, पिवळ्या पडलेल्या वह्या व पावत्या पडून असतात. घर पाडताना किंवा विकताना त्या रद्दीत जातात. त्यांत एखादी युद्धनिधीची पोचपावती, वर्गणीदारांची यादी, पट्ट्या किंवा औषधे पाठविल्याची नोंद आढळली, तर ती कृपा करून फेकू नये. आपल्या मंडळाकडे मूळ कागद किंवा त्याची नक्कल द्यावी. ज्यांनी दिले व ज्यांनी हिशेब ठेवला, त्या दोघांचीही नावे या तालुक्यांच्या इतिहासात जमेच्या बाजूस लिहावयाची राहिली आहेत.