टाकी क्रमांक ९१२ : पहाटे ६ वाजून १ मिनिटापर्यंत

१० डिसेंबर २००५, शनिवार, संध्याकाळी सुमारे ७. लंडनच्या उत्तरेला हेमेल हेम्पस्टेड गावाला लागून बन्सफिल्डचा इंधन डेपो आहे. तिथल्या टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाइपलाइनमधून पेट्रोल यायला लागतं, तासाला सुमारे ५५० घनमीटर. टाकीत साधारण ६,००० घनमीटर मावतं.

अशा डेपोत वाफ कुठे साचू शकते, याचा नकाशा आधीच काढलेला असतो. वाफ कायम असते तो झोन ०. नेहमीच्या कामातच अधूनमधून होते तो झोन १. बिघाड झाला तरच आणि तीही थोडा वेळ होते तो झोन २. झोनमधली मोटार, दिवा, स्विच सगळं ज्वालारोधक किंवा त्या झोनला चालेल अशा प्रकारचं लागतं. रेघेपलीकडे साधं सामान चालतं. ही रेघ आखताना गॅस्केटची गळती, व्हेंटमधून येणारी वाफ असे बिघाड धरलेले असतात. सगळी टाकीच ओसंडून वाहील, हे त्या हिशेबात नसतं. त्या रात्री नेमकं तेच झालं.

मध्यरात्र ते दीड. टँकर भरणं थांबतं. साठ्याची मोजणी होते. वावगं काही दिसत नाही.

पहाटे ३ वाजून ५ मिनिटं. पातळी दाखवणारं गेज अडकतं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर टाकी दोन तृतीयांश भरलेली दिसते आणि तशीच दिसत राहते. पेट्रोल मात्र चढतच असतं. धोक्याची घंटा याच गेजवर अवलंबून, त्यामुळे तीही गप्प.

हे गेज ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकलं होतं. चौदा वेळा! ते पुन्हा चालू व्हायचं आणि काम पुढे सरकायचं. ते का अडकतं, याच्या मुळाशी कोणी गेलं नाही. मला या सगळ्या घटनाक्रमात स्फोटाइतकीच ही ओळ अस्वस्थ करते. झोनच्या नकाशावर सही करणाऱ्याने हे गेज चालतं असंच धरलं असणार, आणि गेज दुरुस्त करणाऱ्याला नकाशाशी देणंघेणं नसणार. ऑडिट या दोघांना एका टेबलावर बसवण्यासाठीच असतं.

शेवटचा आधार म्हणून एक स्वतंत्र स्विच होता. पातळी अगदी वर गेली की त्याने आपणहून आवक तोडायची. त्याला चाचणीसाठी एक दांडा होता, आणि चाचणी झाल्यावर तो योग्य जागी रोखून धरायला एक छोटं कुलूप लावणं भाग होतं. कुलूप नसलं की स्विच निकामी. बसवणाऱ्यांना वाटलं, कोणी छेडछाड करू नये एवढ्यासाठीच ते कुलूप आहे. त्यांनी ते लावलंच नाही. बनवणाऱ्यांनीही त्याचं महत्त्व नीट सांगितलं नव्हतं.

५ वाजून ३७ मिनिटं. टाकी भरून वाहू लागते. छतावरच्या व्हेंटमधून पेट्रोल बाहेर पडतं, टाकीच्या अंगावरून कोसळताना भोवतीच्या लोखंडी कड्यावर आपटतं आणि त्याचे बारीक तुषार होतात. थंडी कडक, वारा जवळपास नाही. तुषार हवेत मिसळतात आणि जड वाफ जमिनीलगत पसरू लागते.

५ वाजून ३८ मिनिटं. सीसीटीव्हीत टाकीभोवतीच्या बांधाच्या कोपऱ्यातून पांढरं धुकं बाहेर पडताना दिसतं.

५ वाजून ४६ मिनिटं. धुक्याचा थर सुमारे दोन मीटर उंच झाला आहे. ते बांध ओलांडून चहूकडे वाहतं आहे. झोन २ ची रेघ केव्हाच मागे पडली.

५ वाजून ५० मिनिटांनंतर. धुकं कुंपणाबाहेर, रस्त्यावर आणि झाडाझुडपांत शिरतं. याच वेळी टाकीतली आवक वाढून तासाला सुमारे ८९० घनमीटरवर जाते.

६ च्या सुमारास. टँकरचालकांना धुकं दिसतं. ते कळवतात. आगीच्या इशाऱ्याचं बटण दाबलं जातं.

६ वाजून १ मिनिट. त्या बटणाने भोंगा वाजतो आणि अग्निशमनाचा पंपही सुरू होतो. पंपघर टाकीच्या बांधापासून दूर, पाण्याच्या तळ्याकडेला आहे, पण वाफ तिथवर पोहोचलेली आहे. पंप सुरू होताना उडालेल्या ठिणगीनेच बहुधा पेट घेतला, असं तपासात निघालं. आग विझवायला ठेवलेल्या यंत्रानेच ती लावली असावी. ज्योत झाडांच्या दाटीतून धावताना वेग घेत गेली आणि स्फोट तपासणाऱ्यांच्या अंदाजापलीकडे मोठा झाला. भूकंपमापकांवर त्याची नोंद २.४ झाली. २०हून अधिक टाक्या पेटल्या. आग पाच दिवस चालली. ४३ माणसं जखमी झाली, मृत्यू एकही नाही. रविवारची पहाट होती, शेजारच्या कार्यालयांत कोणी नव्हतं. सोमवारी सकाळी दहा वाजता हे झालं असतं, तर?

चार वर्षांनी, २९ ऑक्टोबर २००९. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या इंडियन ऑइलच्या डेपोत संध्याकाळी पाइपलाइनच्या जोडावरून पेट्रोलचा फवारा सुटतो. सुमारे सव्वा तास वाफ पसरत राहते आणि साडेसातच्या सुमारास स्फोट होतो. ११ जण गेले. ठिणगी कुठली? चौकशी समितीने दोन शक्यता मांडल्या: प्रशासकीय इमारतीतलं ज्वालारोधक नसलेलं विद्युत सामान, किंवा आवारात सुरू केलेलं वाहन. सगळे नियम पाळून आखलेल्या नकाशातही प्रशासकीय इमारत झोनबाहेरच असते.

आपल्याकडे पेट्रोलियम साठ्याचे परवाने आणि झोनचे नकाशे ज्या केंद्रीय संस्थेकडे जातात, त्या पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. मनमाडजवळ पानेवाडी, पुण्याजवळ लोणी, मुंबईत शिवडी-वडाळा इथे मोठे साठे आहेत, आणि भोवती वस्ती आहे. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या ऑडिटला झोनच्या रेघेवर थांबू नका. पंपघर, जनरेटर, कॅन्टीन, पार्किंग, गेटवरची केबिन, सगळीकडे चालत जा आणि वाफ इथवर आली तर इथे काय पेटेल, ते लिहून काढा. पातळीचं गेज वर्षभरात किती वेळा अडकलं, तो आकडा त्याच अहवालात, पहिल्या पानावर टाका.