तालुक्याची सीमा आणि शालेय कबड्डीतील प्रतिस्पर्धी : शहापूर व मुरबाड

ग्रामीण भागातील शालेय कबड्डीची चर्चा बहुधा खेळाडूंचा दम, मैदान आणि प्रशिक्षण यांभोवती फिरते. कोणत्या संघाची गाठ कोणत्या संघाशी पडावी, हे मात्र बऱ्याच अंशी नकाशा ठरवितो. शहापूर व मुरबाड हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात. महानगरपालिका क्षेत्रांना या रचनेत जिल्ह्यासारखे स्वतंत्र स्थान असते. साहजिकच शहापूरच्या शाळेला ठाणे वा कल्याणच्या शहरी संघाशी सामना मिळतो तो विभागीय फेरीत. त्याआधी मुरबाडसारख्या शेजाऱ्याला हरवावे लागते. हे शेजारपणही वाटते तितके सोपे नाही. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला आणि वासिंद, आसनगाव, खर्डी ही गावे मुंबईशी जोडली गेली. मुरबाड मात्र कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. दोन्ही तालुक्यांची तोंडे कल्याणकडे. परस्परांकडे जायचे तर किन्हवली-सरळगावचा आडमार्ग. पावसाळा पुरता सरण्याआधीच तालुका फेऱ्या सुरू होतात, हे येथे विसरता येत नाही.

उत्तरेकडील सीमेचा इतिहास अधिक बोलका आहे. ब्रिटिश अमदानीत मोखाडा हा शहापूर तालुक्याचाच पेटा होता. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला, तरी जिल्हा एकच राहिल्याने दोन्हीकडचे विजेते जिल्हा फेरीत एकमेकांसमोर येऊ शकत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. मोखाडा व वाडा पालघरमध्ये गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यात राहिले. कसारा-खोडाळा रस्ता पूर्वीचाच. पण आता या शेजाऱ्यांची गाठ पडायची तर दोघांनीही आपापला जिल्हा जिंकून मुंबई विभागात पोहोचले पाहिजे. बहुतेक शाळांचा हंगाम जिल्ह्यातच संपतो. प्रशासकीय सोयीसाठी आखलेल्या रेषेचा हा परिणाम विभाजनाच्या चर्चेत कोणी फारसा विचारात घेतला असेल, असे वाटत नाही.

आदिवासी विकास विभागाची रचना मात्र निराळी आहे. आश्रमशाळांच्या स्वतंत्र स्पर्धा प्रकल्प कार्यालयांनुसार होतात. शहापूर प्रकल्पात मुरबाडही येते. मोखाडा व वाडा जव्हार प्रकल्पात. जव्हार, डहाणू, शहापूर व पेण हे प्रकल्प ठाणे अपर आयुक्तालयाखाली असल्याने, प्रकल्पातून निवडलेले शहापूरचे व मोखाड्याचे विद्यार्थी पुढच्याच पायरीवर परस्परांसमोर उभे राहू शकतात. जिल्हाविभाजनाने तुटलेली जुनी शेजारगाठ या एका मैदानावर टिकून आहे. पण ती आश्रमशाळेत शिकणाऱ्यांपुरतीच. त्याच गावातील माध्यमिक विद्यालयाच्या मुलाला ती वाट नाही.