किम्बल निर्दोष होता. आणि शेपर्ड?

थिसिस लिहिताना हमखास होणारी एक चूक आज एका जुन्या अमेरिकन मालिकेच्या मदतीने समजून घेऊया.

‘द फ्यूजिटिव्ह’ ही मालिका एबीसी वाहिनीवर १९६३ ते १९६७ या काळात चालली. डॉ. रिचर्ड किम्बलवर पत्नीच्या खुनाचा आळ येतो आणि त्याला मृत्युदंड सुनावला जातो. तुरुंगात नेताना रेल्वे घसरते, तो निसटतो आणि खऱ्या खुन्याला, एक हात नसलेल्या माणसाला, शोधत फिरतो. पोलीस त्याच्या मागावर असतातच. पण तो निर्दोष आहे हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून माहीत असतं. प्रश्न एवढाच उरतो, की जगाला ते कधी कळणार?

ही मालिका डॉ. सॅम शेपर्ड खटल्यावर बेतली होती, असं बरेच जण म्हणतात. मालिकेचा जनक रॉय हगिन्सने ते नाकारलं होतं. साम्य मात्र डोळ्यांत भरतं. ४ जुलै १९५४ ला ओहायोतल्या बे व्हिलेजमध्ये शेपर्डच्या पत्नीचा खून झाला. घरात कुणीतरी घुसलं होतं, असं तो सांगत राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला आधीच दोषी ठरवून टाकलं. उशीवरचा रक्ताचा ठसा शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा आहे, असं कोरोनरने सांगितलं, पण तसं उपकरण कधीच सापडलं नाही. डिसेंबर १९५४ मध्ये जन्मठेप झाली.

पुढे १९५५ मध्ये बर्कलीचे जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल कर्क यांनी खोलीतल्या रक्ताच्या शिंतोड्यांचा अभ्यास केला. खुनी डावखुरा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेपर्ड उजवा होता. तरीही तेव्हा नवा खटला मिळाला नाही. अखेर १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिला खटला न्याय्य झाला नाही म्हणून शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्या खटल्यात, ज्युरीने त्याला सोडलं.

गोष्ट संपली ना? नाही! शेपर्ड १९७० मध्ये वारला. वडिलांना चुकीने तुरुंगात डांबलं होतं हे न्यायालयाने जाहीर करावं, म्हणून त्याचा मुलगा पुढे लढला. २००० साली ज्युरीने ती मागणी फेटाळली.

मग १९६६ ची ज्युरी चुकली की २००० ची? जरा थांबून विचार करा. दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण दोघींपुढचे प्रश्नच वेगळे होते. १९६६ मध्ये दोष सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर होती. २००० मध्ये निर्दोषत्व सिद्ध करायची जबाबदारी शेपर्डच्या बाजूवर होती. दोन्ही वेळा ज्याच्यावर ओझं होतं, त्याला ते पेललं नाही.

आता आपल्याकडे येऊ. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली की आपण बिनधास्त लिहून टाकतो, ‘परिणाम नाही’. मीसुद्धा पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच लिहिलं होतं. गाइडने लाल पेनाने एवढंच विचारलं, ‘नाही, की दिसला नाही?’ नमुने होते मोजके. छोटा परिणाम असता तरी मला तो दिसलाच नसता. शून्य परिकल्पना नाकारता न येणं म्हणजे ती खरी ठरणं नव्हे.

किम्बलचं खरं काय ते पटकथालेखकाला ठाऊक होतं. आपल्या डेटाची पटकथा कुणीच लिहिलेली नसते. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी स्वतःला विचारा: सिद्ध करायचं ओझं कुणावर होतं, आणि ते पेलण्याइतका पुरावा माझ्याकडे होता का?