नाकारता न येणारा वारसा

वारसा हा शब्द उच्चारला की नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आपल्या वाचकांपुढे प्रथम उभ्या राहतात त्या वंशावळी, फेरफाराच्या नोंदी आणि भाऊबंदकीचे दावे. जमिनीतला वाटा नको असेल तर हक्कसोडपत्र लिहून देता येते. परंतु देहात उतरलेला वारसा सोडून देण्याची सोय कोणत्याही दप्तरात नाही. अशाच एका वारशाचा, हंटिंग्टनच्या मेंदूविकाराचा, इतिहास येथे सांगण्याचा आमचा मानस आहे. आनुवंशिकतेचे शास्त्र रुग्णाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे त्यावरून चांगले उमगते.

अमेरिकेतील लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्पटन गावी जॉर्ज हंटिंग्टनचे आजोबा व वडील डॉक्टरकी करीत. लहानपणी वडिलांबरोबर रुग्णांच्या भेटीस जात असता त्याला वाटेत दोन स्त्रिया दिसल्या. त्या मायलेकी होत्या. दोघी उंच, अस्थिपंजर, आणि दोघींचीही अंगे सारखी वळत, वाकत, चेहरे वेडेवाकडे होत. ते दृश्य मुलाच्या मनावर कायमचे कोरले गेले. पुढे १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने या विकारावर निबंध प्रसिद्ध केला. त्याला आधार होता तो तीन पिढ्यांच्या निरीक्षणाचा. मातापित्यांपैकी एकास हा रोग असला तर तो संततीत उतरण्याचा संभव मोठा असतो. पण जे अपत्य त्यातून सुटले त्याच्या वंशात तो पुन्हा उद्भवत नाही, धागा तेथेच तुटतो, असे त्याने लिहून ठेवले. मेंडेलचा वाटाण्यावरील प्रबंध १८६६ सालीच छापला गेला होता, पण जगाने त्याची दखल घेतली १९०० साली. हंटिंग्टनने नियम न जाणता नियमाचे फळ अचूक टिपले होते.

या रोगाचे क्रौर्य त्याच्या वेळेत आहे. तो बहुधा तिशी-चाळिशीत प्रकट होतो. अंगावरचा ताबा जातो, स्वभाव बिघडतो, बुद्धी मंदावते. तोवर माणसाचा संसार मांडून झालेला असतो, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला निम्मा धोका आलेला असतो.

पुढचा अध्याय घडला तो व्हेनेझुएलात. माराकायबो सरोवराच्या काठच्या गरीब वस्त्यांत हा रोग पसरलेला आहे, हे तेथील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५५ साली नोंदवले होते. इकडे अमेरिकेत १९६८ साली नॅन्सी वेक्सलर या तरुणीच्या आईला हाच रोग असल्याचे निदान झाले. नॅन्सी स्वतः टांगणीला लागली. पण हातावर हात ठेवून ती बसली नाही. १९७९ साली ती त्या सरोवराकाठी गेली आणि १९८१पासून संशोधकांना घेऊन वर्षानुवर्षे जात राहिली. ही बाईही आपल्यासारखीच, तिच्याही घरात हे दुःख आहे, हे उमगल्यावर लोकांचा संकोच ओसरला. हजारो माणसांनी रक्त दिले, आणि अठरा हजारांहून अधिक व्यक्तींची वंशावळ सिद्ध झाली. वारसाहक्काच्या कोणत्याही दाव्यात इतकी मोठी वंशावळ कधी दाखल झाली नसेल.

या रक्ताच्या बळावर १९८३ साली जेम्स गुसेला यांच्या चमूने दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. मात्र नेमके जनुक सापडण्यास आणखी दहा वर्षे लागली. १९९३ साली कळले की त्यात तीन अक्षरांचा एक शब्द पुनःपुन्हा लिहिला जातो. निरोगी माणसात ही पुनरुक्ती साधारणतः सव्वीसच्या आत असते. चाळीस वा अधिक झाली की सामान्य आयुर्मानात रोग अटळ.

येथे ज्ञान औषधाच्या पुष्कळ पुढे निघून गेले. रक्ताच्या चाचणीने भविष्य सांगता येऊ लागले, पण ते टाळता येईना. म्हणून धोक्याच्या छायेतील बहुसंख्य लोकांनी चाचणी न करणेच पसंत केले. त्यांना भ्याड म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. खुद्द नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्याला हा रोग असल्याचे २०२० साली जाहीर केले.

उपचाराची वाटही सरळ नव्हती. दूषित जनुकाचा संदेश अडवणारे एक औषध पाठीच्या मणक्यातून देण्याचे प्रयोग २०१५ साली सुरू झाले. आशा फार वाढल्या, पण अपेक्षित गुण न आल्याने मोठी चाचणी २०२१ साली थांबवावी लागली. पुढे २०२५च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका उपचाराचे वृत्त आले. निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून संदेश दाबणारे जनुकद्रव्य थेट मेंदूत सोडतात. त्याची मोठी मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांत, तीन वर्षांअखेर, रोगाची गती पाऊणपट मंदावल्याचे सांगण्यात आले. बारा ही संख्या लहान आहे, तुलनाही त्याच चाचणीबाहेरील रुग्णांशी केलेली आहे. म्हणून उत्सव करण्याची घाई नको. तरीही हंटिंग्टनच्या निबंधानंतर दीडशे वर्षांनी रोगाच्या मुळावरच हात पडल्याची ही चिन्हे आहेत.

पण एक हिशेब उरतोच. हा उपचार म्हणजे मेंदूवरील कित्येक तासांची शस्त्रक्रिया. ज्यांच्या रक्तावाचून जनुकाचा माग लागला नसता, त्या सरोवराकाठच्या झोपड्यांतून ती कोणाच्या आवाक्यात येणार? औषध त्यांच्या दारी पोहोचेल तेव्हाच ते ऋण फिटले, असे आम्ही म्हणू. तोपर्यंत ते शास्त्राच्या खात्यावर येणे म्हणून नव्हे, देणे म्हणूनच लिहिलेले राहील.