ताय ची आणि पैलवानाची पकड

चीनमधल्या बागांतून सकाळी वडीलधारी माणसे संथपणे हात फिरवीत व्यायाम करतात, त्याची चित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्या व्यायामाचे पुरते नाव ताय ची च्युआन. यातल्या ‘च्युआन’चा अर्थ मूठ, म्हणजेच मुष्टियुद्ध. पाहणाऱ्याला वाटते, याचा नि लढाईचा काय संबंध? एखादा पैलवान पट काढायला झेपावला, तर हे संथ हात त्याला काय रोखणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर या विद्येच्या इतिहासात सापडते.

होनान प्रांतात छन घराण्याचे एक गाव आहे. सतराव्या शतकात तेथील छन वांगथिंग या लष्करी माणसाने घराण्याच्या युद्धविद्येला आकार दिला, असे संशोधक मानतात. त्याच्या आधी, सोळाव्या शतकात, छी चीक्वांग या सेनापतीने सैनिकांसाठी ग्रंथ लिहून त्यात हातघाईचे ३२ पवित्रे दिले होते. त्यांपैकी बरेच पवित्रे छन घराण्याच्या विद्येत दिसतात. तेव्हा ताय चीचे मूळ शिपायाच्या तालमीत आहे.

एकोणिसाव्या शतकात यांग लूछान (१७९९–१८७२) हा गृहस्थ छन छांगशिंग यांच्यापाशी ही विद्या शिकला आणि पुढे राजधानी बीजिंगमध्ये जाऊन मंचू राजदरबारातील लोकांना शिकवू लागला. आता हे ध्यानात घ्या, की मंचू लोक कुस्तीचे मोठे शौकीन. बादशहाच्या पदरी पैलवानांचे स्वतंत्र पथकच असे. १६६९ मध्ये कोवळ्या वयाच्या खांगशी बादशहाने आओबाय या मातब्बर सरदाराला तरुण पैलवानांकरवी पकडविले, ही कथा चीनमध्ये आजही सांगतात. अशा ठिकाणी शिकवायचे, तर अंगाला भिडणाऱ्या गड्याला तोड हवीच!

ती तोड होती ‘थुइशौ’ या जोडीच्या सरावात. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, हाताला हात लावायचा आणि एकमेकांचा तोल काढायचा. आपल्या आखाड्यातली खडाखडी आठवा, म्हणजे कल्पना येईल. समोरच्याचे बळ कोठून येते आहे, हे कातडीनेच ओळखायचे. या ओळखण्याला ते लोक ‘ऐकणे’ म्हणतात. गडी रेटू लागला की त्याला उलट रेटायचे नाही. कंबर वळवून त्याचा जोर बाजूने जाऊ द्यायचा, गुडघे वाकवून आपला भार खाली बसवायचा, नि तो पुढे झुकला की त्याच दिशेला ओढायचे. तो अगदी अंगाशी आला, तर खांद्याचा धक्का द्यायचा.

पण या तोडीला मर्यादा आहे. ‘ऐकणे’ सुरू होते ते स्पर्श झाल्यावर. चिनी कुस्तीत जाड कापडाचा अंगरखा घालतात, तो पकडूनच बहुतेक डाव चालतात, आणि तळव्यांखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला टेकला की फेरीचा निकाल लागतो. म्हणजे लढत उभ्याउभ्याच संपते. आपल्याकडचा गडी मात्र हात न लागता खाली वाकून सरळ दुहेरी पटात शिरतो, आणि खाली गेल्यावरही कुस्ती चालूच राहते. अशा वेळी पाय झटकन मागे फेकून छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकावा लागतो. ताठ कण्याने उभे राहण्याची सवय तेथे पुरी पडत नाही.

विसाव्या शतकात या विद्येचे रूप पालटले. यांग लूछानचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) याने मोकळ्या, संथ, एकसारख्या हालचाली लोकप्रिय केल्या. १९५६ मध्ये चीन सरकारने २४ हालचालींचा सोपा क्रम तयार करविला. लाखो सामान्य माणसांना त्याचा लाभ झाला. वृद्धांचा तोल सावरतो, पडण्याची भीती कमी होते. पण बहुतेकांचा जोडीचा सराव सुटला. आकृती राहिली, झटापट गेली.

याचा पुरावा २०१७ च्या एप्रिलमध्ये मिळाला. छंगतू शहरात वै लै हा ताय चीचा शिक्षक आणि शू श्याओतुंग हा ठोसे, लाथा व कुस्ती अशा मिश्र लढतीचा खेळाडू समोरासमोर आले. काही सेकंदांतच शिक्षक खाली पडला आणि लढत संपली. चीनभर मोठा गहजब झाला. कोणी म्हणाले, विद्याच खोटी. तसे म्हणणे घाईचे होईल. एका माणसाच्या हाराने एवढेच कळते, की खऱ्या जोराशी गाठ घालून पाहिली नसेल, तर नुसत्या पवित्र्यांवर विसंबता येत नाही.

शिक्षकबंधूंनो नि भगिनींनो, ही गोष्ट आपल्या जवळची आहे. आखाड्यात नुसते जोर-बैठका काढून कोणी पैलवान होत नाही. लाल मातीत रोज कोणीतरी पाडणारा लागतो. कवायत अंग घडविते, पण डावाची तोड शिकविणारा खरा गुरू म्हणजे समोरचा गडी. तो सुटला, की हालचाली पुढच्या पिढीच्या हाती येतात, पण त्यांतला अर्थ मागेच राहून जातो.