पिता-पुत्रसंबंध (ख्रिस्ती मतांगीकारांतील)

ख्रिस्ती मतांगीकारांत, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत विधानांत, परमेश्वर पिता व येशू ख्रिस्त यांच्यामध्ये मानलेला नित्य संबंध. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्ताचा पित्याचा एकुलता एक पुत्र एवढाच निर्देश आहे. परंतु पुत्र ही पित्याची सर्वश्रेष्ठ का होईना, पण निर्मितीच होय, आणि म्हणून तो नव्हता असेही कधीतरी होते, असा पक्ष आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने मांडल्यावर तेवढ्यावर भागेना. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरविलेल्या परिषदेने, पुत्र जनित आहे, निर्मित नव्हे, व पित्याशी एकतत्त्व आहे, असा निवाडा दिला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी निगडित झालेल्या पाठाने हे जनन सर्व युगांपूर्वीचे म्हटले. लौकिक पुत्र पित्यामागून जन्मतो. येथे पौर्वापर्यच नाही, हीच मेख आहे.

नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या मुलखात, जेथे महानुभाव पंथ माहूरच्या दत्तात्रेयप्रभूंना पंचकृष्णांत (परमेश्वराच्या पाच अवतारांत) गणतो, तेथील वाचकाला पुत्राने येशूच्या रूपाने देह धारण करणे हे अवतारकल्पनेजवळचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि येथील पुत्रत्व देहधारणेपासून सुरू होत नाही, आणि ती देहधारणाही एकदाच घडते.

या सिद्धांताशी मराठी बुद्धीची खरी झुंज पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आढळते. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या युक्तिवादाने प्रभावित होऊन त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला खरा, पण पुत्र देवत्वाने पित्यासमान व मनुष्यत्वाने न्यून आहे असे सांगून, तसे न मानणाऱ्यास तारणाला मुकविणारा तथाकथित अथानासियन मतांगीकार (जो अथानासियसने लिहिलेलाच नाही) त्यांना पटेना. आणि वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांनी परोपरीने समजावले तरी, स्वतःला प्रत्यय आल्यावाचून केवळ चर्चच्या अधिकारापुढे मान तुकविण्यास त्या राजी झाल्या नाहीत. जेराल्डिन यांना हा हट्ट वाटला. वस्तुतः ज्या प्रश्नासाठी नायसियाला परिषद भरवावी लागली, तोच त्या पुन्हा विचारीत होत्या, आणि तोही वेद-उपनिषदांची पारख असलेल्या विदुषीच्या अधिकाराने. पुढे, १८९१ च्या सुमारास, ख्रिस्त हा आपला तारक अशी निष्ठा त्यांच्या ठायी दृढ झाली. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. उपर्युक्त पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली असून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.